सोड्याची परतवाट

घरी सोडा करायला, मत्स्यालयातल्या वनस्पतींना वायू द्यायला किंवा अंगणातल्या वेल्डिंगला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यायचा ठरला, की पहिली चौकशी किमतीची होते. ती नंतर केली तरी चालेल. रिकामा सिलिंडर भरून कुठे मिळेल, हे आधी पाहायला हवं. हा वायू माणसाच्या उपयोगी पडला तो परत येणाऱ्या भांड्याच्या जोरावर, आणि भुसावळसारख्या जंक्शनच्या गावाला हे गोटी सोड्यानं फार पूर्वी शिकवलं आहे.

1767 मध्ये रसायनशास्त्रज्ञ प्रिस्टलीनं लीड्सच्या मद्यभट्टीवर तरंगणारा हाच वायू पाण्यात मिसळून पाहिला. पुढे सोडा विकाऊ झाला, पुण्यात 1884 ला अर्देशिर आणि मुंबईत 1889 ला ड्यूक्स हे सोड्याचे कारखाने उभे राहिले. त्या काळात सोडेवाला खडू किंवा खायच्या सोड्यावर आम्ल सोडून वायू कारखान्यातच तयार करत असे. ‘सोडा’ हे नाव त्यातूनच उरलं. अडचण वायूची नव्हतीच, बाटलीची होती. हायरम कॉडनं 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीत आतला वायूच काचेची गोटी वर रेटून रबरी कड्यावर दाबून धरतो. जाड काचेची ही बाटली सोड्यापेक्षा महाग, म्हणून सोडा तिथेच प्यायचा आणि बाटली परत द्यायची. अशा व्यवहाराला एका जागी थांबणारी तहानलेली माणसं लागतात. 1867 मध्ये नागपूरची वाट भुसावळहून फुटली, 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तशी माणसं रोज गाडीनं येऊ लागली.

सोड्याला खरा आधार पाण्याच्या भीतीचा होता, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. वायूनं पाणी आंबट होतं, पटकीच्या जंतूला आम्ल सोसत नाही. शिवाय स्थानकांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ वेगळं असे, तेव्हा बंद बाटलीचा आधार वाटणं समजण्यासारखं आहे. (गढूळ पाणी मात्र वायूनं शुद्ध होत नाही.) पण यातून मागणी कळते, सोडा घराघरांत का झाला नाही ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली छोट्या वायुगोळ्यांची ‘स्पार्कलेट’ सुरई हा घरगुती उपाय होता. सुरई भरताना दर वेळी नवी गोळी लागे. ती क्लब आणि बंगल्यांपलीकडे फारशी गेली नाही.

आजच्या सिलिंडरला तर भुसावळचं ऊनही हिशेबात धरावं लागतं. 31 अंशांपर्यंत हा वायू दाबाखाली द्रवरूप राहतो. त्यापुढे कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून सिलिंडर गळ्यापर्यंत भरत नाहीत, दहा लिटरच्या टाकीत सुमारे सहा-साडेसहा किलोच भरतात. एवढ्यावरही 45 अंशांना आतला दाब 100 बारच्या पुढे जातो. भारतात यासाठी 1940 पासून गॅस सिलिंडर नियम आहेत, सध्याचे 2016 चे. ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. परवान्याशिवाय भरणी करता येत नाही. मोठ्या टाकीतून छोटीत घरीच वायू ओतला तर स्वस्त पडेल, हा हिशेब त्यामुळे बेकायदा ठरतो आणि जिवावरचाही. घ्यायचाच असेल तर खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख आधी वाचावी. पाण्याच्या दाबाची ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते. मुदत उलटलेली स्वस्त टाकी घेणाऱ्याला भरणी केंद्राच्या दारातूनच रिकामी परत न्यावी लागेल.