कच्ची फिल्म आणि भोरचं नाव

भोर म्हटलं की आपल्याला राजवाडा आठवतो, भाटघरचं धरण आठवतं. एक्साइजच्या वकिलांना मात्र आठवते प्लास्टिकची एक कच्ची फिल्म!

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मागे राहिली संस्थानाच्या काळात सुरू झालेली 'भोर इंडस्ट्रीज'. ही कंपनी लेदर क्लॉथ बनवायची, म्हणजे आपलं रेक्झिनसारखं कापड. पीव्हीसीच्या भुकटीत मऊपणासाठी प्लास्टिसायझर मिसळायचा, तापलेल्या रुळांतून फिल्म काढायची आणि ती कापडावर बसवायची.

एक्साइज खातं म्हणालं, ही मधली फिल्मसुद्धा वेगळी वस्तू, तिचाही कर भरा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८९ साली न्या. सव्यसाची मुखर्जी यांनी निकाल दिला : कराच्या यादीत नाव असून भागत नाही, जे बाजारात विकण्याजोगं, तोच माल. आणि ते सिद्ध करायचं सरकारनं. कंपनी जिंकली. पुढे कितीतरी कारखानदारांनी याच निकालाचा आधार घेतला.

संस्थान नकाशावरून गेलं. त्याचं नाव मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिलं... तेही 'माल' न ठरलेल्या एका फिल्मला चिकटून!