कुरणावरची शाळा

शाळा कोणाच्या सोयीनें भरावी, शिक्षकाच्या कीं मुलाच्या ? तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणू तालुक्यांत वारली मुलांनीं हा प्रश्न न बोलतां विचारला. १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलें.

मूल बालवाडींत येईना, तेव्हां बालवाडीच त्याच्या अंगणांत गेली. मॉंटेसरी पद्धतीच्या महाग साधनांचें काम तेथें पानें, फुलें, बिया, खडे आणि शिंपले यांनीं केलें.

थोरल्या मुलांची अडचण निराळी होती. तीं गुरें राखीत. गुरें सोडून तीं वर्गांत बसलीं, तर घरचा चरितार्थ अडे. त्यांच्या गैरहजेरीस आळस म्हणणें सोपें होतें. ताराबाईंनीं तसें म्हटलें नाहीं. शिक्षकच गुरांमागून रानांत गेले आणि 'कुरणशाळा' भरूं लागली. झाडाची सावली हाच वर्ग. मुलास आधींच ठाऊक असलेलें झाड, पाखरूं, ओढा यांवरून धडा आरंभावा, आणि गुरांवर नजर ठेवतां ठेवतां अक्षरओळख व्हावी, अशी ही रीत.

१९७५ सालीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें. कुरणशाळेचें नांव मात्र तितकें दूरवर गेलें नाहीं. मुलाच्या अंगणापर्यंत जाणें व्यवस्थेस साधलें. त्याच्या मागून रानांत जाणें तिला अद्याप अवघडच वाटतें.