काचनळीतील फुलोरा : पुण्यातील बांबू-संशोधनाची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना

बांबूला फुलोरा येणे ही घटना भारतीय ग्रामजीवनात शुभ मानली गेलेली नाही. वेळूचे बेट एकदा फुलले की बी टाकून वाळून जाते. शेजारची बेटेही त्याच सुमारास फुलत असल्याने पाहता पाहता संपूर्ण रान पिवळे पडते. जमिनीवर पडलेल्या विपुल बियाण्यावर उंदरांची प्रजा वाढते आणि बी संपले की ती उभ्या पिकांत शिरते. १९५८-५९ मध्ये तत्कालीन आसाममधील मिझो जिल्ह्यात असा फुलोरा आला. स्थानिक भाषेत त्याला ‘मौताम’ म्हणतात. त्यानंतर पडलेल्या दुष्काळात मदतकार्य करणाऱ्या संघटनेतून १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष उभा राहिला. १९६६ चा उठाव आणि १९८६ चा मिझो करार ही त्याच साखळीतील पुढची पर्वे होत. एका गवताच्या जीवनचक्राने एका प्रदेशाच्या राजकीय इतिहासाला दिशा दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

या पार्श्वभूमीवर मार्च १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलेला दोन पृष्ठांचा शोधनिबंध वाचला पाहिजे. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस हे त्याचे लेखक. कित्येक दशकांनंतर एकदाच फुलणारा बांबू काही महिन्यांच्या अवधीत काचपात्रात फुलवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. हे संशोधन कोणत्या परंपरेतून घडले, त्याच्याकडून कोणत्या अपेक्षा बाळगल्या गेल्या आणि त्या अपेक्षांमागील गृहीतके कितपत योग्य होती, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पाषाणच्या माळावरील ही संस्था नावाप्रमाणे रसायनशास्त्राची. तेथे वनस्पतींचे संवर्धन सुरू झाले ते जीवरसायनशास्त्र विभागात, व्ही. जगन्नाथन यांच्या मार्गदर्शनाखाली. १९६० च्या दशकात मक्याच्या पेशीसमूहांच्या वाढीवर येथे काम होत होते. आरंभीचा प्रश्न पेशींच्या रसायनाचा होता. रोपे तयार करणे हा उद्देश नंतरचा.

जागतिक पातळीवर या शास्त्राची कल्पना जुनी आहे. प्रत्येक पेशीत संपूर्ण वनस्पती घडवण्याची क्षमता असावी, हा विचार हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडला. त्याचे स्वतःचे प्रयोग मात्र यशस्वी झाले नाहीत. १९४० च्या दशकाच्या आरंभी व्हान ओव्हरबेक यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण वाढवण्यासाठी नारळाचे पाणी वापरले आणि आपल्याकडे घरोघरी परिचित असलेल्या या द्रवाला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळाले. १९५५ मध्ये स्कूग आणि मिलर यांच्या गटाने कायनेटिन शोधले. ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर मुळे फुटणार की कोंब, हे ठरते, हे त्यापाठोपाठ स्पष्ट झाले. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी सिद्ध केलेले पोषकमाध्यम आजही महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत वापरले जाते. भारतात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांची परंपरा होती. तेथेच सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकोशांतून अगुणित रोपे मिळण्याचा मार्ग उघडला.

दिल्लीचा भर वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावर होता, तर पुण्याचा भर हळूहळू शेतीच्या व वनांच्या उपयोगी वनस्पतींकडे वळला. ऊस, हळद, वेलदोडा अशी पिके हाताळली गेली. त्याहून अवघड आव्हान वृक्षांचे होते. जुन्या वृक्षाची ऊती काचपात्रात सहजी रुजत नाही, रोपाची रुजते. परंतु वृक्ष उत्तम आहे की नाही, हे तो जुना झाल्याशिवाय कळत नाही, ही यातील खरी अडचण. १९८० मध्ये पुण्याच्या गटाने शंभर वर्षे वयाच्या सागाच्या कळ्यांपासून रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर निलगिरीवरील काम आले आणि बांबूकडे वळणे ही त्याच क्रमातील पायरी ठरली. १९९० चा शोध अकस्मात लागला, असे समजणे म्हणूनच चुकीचे होईल. त्यामागे एका विभागाची सुमारे पाव शतकाची हाताची सवय होती. विज्ञानाचा इतिहास लिहिताना ही सवय बहुधा नोंदवली जात नाही, कारण तिला तारीख नसते.

१९९० चा शोधनिबंध

बांबूच्या बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात. जातीनुसार हा काळ साधारणपणे बारा ते एकशेवीस वर्षांचा असतो. कळक, म्हणजे विदर्भातील कटांग, तीस ते पंचेचाळीस वर्षांनी फुलतो. एखाद्या संशोधकाला आपल्या कारकिर्दीत एका जातीचा फुलोरा एकदा पाहता आला तरी पुष्कळ. दोन निराळ्या जाती एकाच वेळी फुलण्याची वाट पाहून त्यांचा संकर करणे तर जवळजवळ अशक्यच. भाताच्या व गव्हाच्या बाबतीत पैदासशास्त्राने जे साधले, ते त्याच तृणकुलातील बांबूच्या बाबतीत साधता आले नव्हते, त्याचे कारण हेच.

पुण्यातील प्रयोगात बियांपासून उगवलेल्या कोवळ्या रोपांचे कोंब नारळाचे पाणी आणि बेंझिलअ‍ॅडेनिन हे सायटोकायनिन असलेल्या माध्यमात वाढवले गेले. काही उपसंवर्धनांनंतर त्या बोटभर कोंबांना फुले आली. कळक आणि डेंड्रोकॅलॅमस ब्रँडिसी या दोन जातींत हे घडले. प्रयोग पुन्हा पुन्हा करता येत होता आणि बी धरत होते, ही यातील निर्णायक बाब. एखादा कोंब चुकून फुलला असता तर ती केवळ नवलाची नोंद ठरली असती.

शोधाचा सैद्धांतिक आशय असा की, फुलण्याची क्षमता बांबूच्या रोपात आरंभापासून असते, ती चाळीस वर्षांनी नव्याने निर्माण होत नाही. वनस्पतीच्या अंतर्गत घड्याळाला बाहेरून हात लावता येतो. त्या काळी बांबूच्या दीर्घ प्रतीक्षेचा विचार प्रामुख्याने उत्क्रांतीच्या अंगाने होत असे. अमेरिकन परिस्थितीशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन यांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, सर्व बेटांनी एकदम बी टाकल्याने बी खाणारे प्राणी तृप्त होतात आणि उरलेले बी वाचते. म्हणून दीर्घ व समकालिक चक्र टिकून राहिले. हे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर होते. ‘कसे’ हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला तो पुण्याच्या निबंधाने.

क्रांतीची भाषा

‘नेचर’च्या त्याच अंकात या निबंधावर भाष्य करणारा लेख आला. त्याच्या शीर्षकात ‘बांबूक्रांती’च्या पेरणीची भाषा होती. हरितक्रांतीनंतरच्या पिढीला ही भाषा स्वाभाविक वाटली. भारतात राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ १९८२ मध्ये आणि स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला होता. या विभागाच्या साहाय्याने दशकाच्या अखेरीस पुण्यात आणि दिल्लीत वनवृक्षांच्या ऊतीसंवर्धनाचे प्रायोगिक प्रकल्प उभारण्यात आले. हमखास बी, संकरित जाती, पडीक जमिनीवर बांबूची लागवड, कागदउद्योगाला कच्चा माल, अशी अपेक्षांची मालिका तयार झाली.

या अपेक्षांच्या मुळाशी एक गृहीतक होते. बांबूची टंचाई आहे आणि ती बियाण्याच्या व रोपांच्या अभावामुळे आहे, असे ते गृहीतक. ऐतिहासिक पुरावा मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतो.

१९७० च्या दशकात पुण्यात जन्मलेले परिस्थितीशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी एस. नरेंद्र प्रसाद यांनी कर्नाटकातील घटत्या बांबूसाठ्याचा अभ्यास केला. कागद गिरण्यांना नगण्य दरात बांबू मिळत होता, तर टोपल्या विणणाऱ्या कारागिराला तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी महाग पडत होता. या अभ्यासातील एक निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. वनखात्याच्या पद्धतीनुसार कळकाच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई. बेट मोकळे झाले की कोंब चांगले वाढतील, हा त्यामागील तर्क. प्रत्यक्षात ते काटेच नव्या कोंबांचे रक्षण करत होते. ते काढल्यावर गुरे व रानातील जनावरे कोवळे कोंब खाऊन टाकू लागली. गावकऱ्यांना हे ठाऊक होते, परंतु त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. ज्या जातीला पुण्यात काचनळीत फुलवले गेले, तीच ही जात. तिच्या ऱ्हासाचे कारण बियाण्यात नव्हते, व्यवस्थापनात आणि किमतीत होते.

कायद्याची बाजू याहून कठोर होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश केला. वनस्पतिशास्त्रानुसार जे गवत, ते कायद्यानुसार झाड ठरले. परिणामी स्वतःच्या बांधावरील बांबू तोडून नेण्यासही ठिकठिकाणी वाहतूक परवान्याची गरज पडू लागली. सुपे, टोपल्या, कणगी विणणारा बुरूड समाज या कायद्याचे ओझे पिढ्यान्पिढ्या वाहत आला. पुण्याच्या बुरूड आळीचे नाव ज्या व्यवसायामुळे पडले, त्याचा कच्चा माल प्रयोगशाळेतील यशामुळे एका रात्रीत स्वस्त होणार नव्हता.

हा बदल घडला तो निराळ्या मार्गाने. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते. वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये, म्हणजे काचनळीतील फुलोऱ्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

केळीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ऊतीसंवर्धित केळीची रोपे १९९० च्या दशकापासून जळगाव परिसरात पसरली आणि त्या जिल्ह्याच्या शेतीचे रूप बदलले. तंत्र मूलतः तेच, किंबहुना केळीसाठी ते सोपे. फरक असा की, केळी शेतकऱ्याच्या मालकीची होती, तिच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागत नव्हता आणि तिला तयार बाजार होता. तंत्रज्ञानाला समाजात जागा मिळते ती त्याच्या गुणवत्तेने जितकी, तितकीच मालकीहक्काच्या चौकटीने. बांबूच्या संशोधकांना या चौकटीबद्दल जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. तो त्यांचा प्रश्नच नव्हता. मात्र ‘क्रांती’ हा शब्द वापरणाऱ्यांनी ती चौकट पाहिली नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे.

घड्याळाचा प्रश्न

लागवडीच्या क्षेत्रात या शोधाने एक नवी धास्तीही निर्माण केली. ऊतीसंवर्धनात कोंब अवेळी फुलू शकत असेल, तर शेतात लावलेले रोपही अवेळी फुलून मरणार नाही कशावरून? शिवाय मातृबेटाचे वय ठाऊक नसेल, तर त्यापासून काढलेली हजारो रोपे मातृबेटाच्याच घड्याळाने चालतील आणि एकाच हंगामात फुलून संपतील, ही शक्यता उरतेच. त्यामुळे रोपवाटिकांमध्ये मातृबेटाची निवड व वयाची नोंद यांना महत्त्व आले. बांबूचा प्रसारही संकरित बियाण्यापेक्षा कंद, कांड्यांची कलमे आणि ऊतीसंवर्धित रोपे यांच्याच वाटेने होत राहिला.

सैद्धांतिक बाजूने प्रश्न पुढे सरकत गेला. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी मोसो बांबूच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये व्हेलर, नोवाक आणि डेव्हिस यांनी असे मांडले की, बांबूच्या दीर्घ चक्रांची वर्षे पूर्वजांच्या लहान चक्रांना छोट्या संख्यांनी गुणत गेल्याने आली असावीत. वनस्पती वर्षे मोजते कशी, याचा नेमका रेणवीय उलगडा या गणिताने होत नाही. पुण्यातील काचनळीने उघडलेला प्रश्न तेथेच, परंतु अधिक नेमक्या स्वरूपात उभा आहे.

त्याची एक परीक्षा निसर्गतःच जवळ येत आहे. १९९० च्या सुमारास बियांपासून सुरू झालेल्या कळकाच्या रोपांचे वय आता पस्तिशीच्या घरात आहे. तीस ते पंचेचाळीस वर्षांचे चक्र धरले, तर त्या काळी लावलेली बेटे २०३५ पर्यंतच्या काळात कधीही फुलू शकतात. त्यांपैकी ऊतीसंवर्धनातून आलेली बेटे बियांतून आलेल्या बेटांबरोबर फुलतात की आधी, हे एका शोधनिबंधाने सांगता येणार नाही. ते बेटाबेटाच्या लागवडीच्या तारखांवरून कळेल, आणि त्या तारखा वनविभागाच्या, रोपवाटिकांच्या व शेतकऱ्यांच्या जुन्या वह्यांत विखुरलेल्या आहेत.