हवामानबदल, स्वच्छ ऊर्जा आणि महाळुंगे

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाळुंगे हे गाव आहे. (बालेवाडीलगतचे महाळुंगे ते निराळे.) कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसराचे रूप गेल्या तीन दशकांत औद्योगिक वसाहतीने पालटून टाकले. बजाज ऑटोचा चाकण कारखाना महाळुंग्याच्या हद्दीत आहे. निघोजे, खराबवाडी, कुरुळी या शेजारच्या गावांच्या शिवारात महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने त्यांच्या अवतीभवती पसरले आहेत. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची चूल याच पट्ट्यातील पगारावर पेटते. हवामानबदलाविषयीच्या जागतिक परिषदा दूरच्या शहरांत भरतात. परंतु तेथे ठरलेल्या, आणि न ठरलेल्याही, गोष्टी या गावाच्या वेशीपर्यंत कशा येऊन पोहोचतात, याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करारांची वाटचाल

कोळसा, पेट्रोल, डिझेल यांच्या ज्वलनातून निघणारा कर्बवायू वातावरणात साठत जातो व सूर्याची उष्णता अडवून धरतो. वायूला सीमा नसते. म्हणून कोणतेही एक राष्ट्र या संकटाचे निवारण एकट्याने करू शकत नाही. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक मूळ करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. जबाबदारी सर्वांची, पण ती सारखी नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत राष्ट्रांवर उत्सर्जन घटविण्याचे बंधन घातले. तो २००५ मध्ये अमलात आला. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे सर्वच राष्ट्रांनी आपापली उद्दिष्टे ठरवून जाहीर करण्याचे मान्य केले. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यास मान्यता दिली. २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय घोषित केले.

मात्र पैशाच्या प्रश्नावर सहकार्य वारंवार अडखळले. २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले. ही रक्कम तुटपुंजी असल्याचे सांगून भारताने तेथेच आक्षेप नोंदविला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

महाळुंगे परिसरातील स्थित्यंतर

केंद्र शासनाने २०१५ पासून विजेवरील वाहनांना अनुदान देण्यास प्रारंभ केला, तर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने यासाठी नवे धोरण आखले. त्याची फळे या पट्ट्यात दिसतात. विजेवरील 'चेतक' स्कूटरचे उत्पादन सप्टेंबर २०१९ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात सुरू झाले. पुढे २०२२ मध्ये आकुर्डी येथे त्यासाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. मर्सिडीजने २०२२ मध्ये आपली विजेवरील मोटार चाकण येथे जुळविण्यास आरंभ केला. महिंद्राच्या विजेवरील नव्या मोटारीही चाकणमध्येच तयार होतात.

वीज कोठून येते?

वाहन विजेवर चालू लागले म्हणजे धूर नाहीसा झाला, असे मात्र नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांची झाली, ही मोठीच प्रगती होय. तरीही प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच राहिला आहे. सूर्य मावळल्यावर सौरवीज थांबते, आणि ती साठवून ठेवणे अद्याप खर्चाचे आहे. तोवर चाकणच्या रस्त्यावरील धुराचा काही भाग चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून बाहेर पडत राहणार. तेथेही आपलीच माणसे राहतात, हे विसरता येत नाही.

या बाबतीत परदेशी साहाय्याचा एक ठळक दाखला धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला, तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून.

परावलंबनाचा धडा

विजेवरील वाहनाच्या मोटारीत शक्तिशाली चुंबक लागतात. ते ज्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपासून होतात, त्यांच्या शुद्धीकरणावर चीनचे जवळजवळ वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. त्या वर्षीच्या जुलैत बजाज ऑटोच्या प्रमुखांनी, ऑगस्टमध्ये विजेवरील वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकेल, असे जाहीरपणे सांगितले. उत्पादन पुढे पूर्ववत सुरू झाले. परंतु पेट्रोलवरील परावलंबन सोडताना दुसरे परावलंबन पत्करले जाते, हे त्यातून उमगले.

युरोपचा कार्बन कर

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादींच्या आयातीवर, त्या मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनाच्या प्रमाणात आकार लावण्याची व्यवस्था अमलात आणली. पोलादी नट-बोल्ट, स्क्रू हेही तिच्या कक्षेत येतात. वर्षाला ५० टनांपर्यंत माल मागविणाऱ्या आयातदारास सूट आहे. पैसे आयातदाराने भरावयाचे. पण उत्सर्जनाचा हिशेब तो आपल्या पुरवठादाराकडेच मागणार. मोठ्या कंपन्यांना हे जमेल. दहा-वीस माणसांच्या कारखान्याला असा हिशेब ठेवणे अवघड जाईल. विकसनशील देशांवर हा अन्यायकारक बोजा आहे, अशी भारताची भूमिका आहे. रिओ येथे मान्य झालेले 'जबाबदारी सारखी नव्हे' हे तत्त्व येथे पुन्हा वादाचा विषय झाले आहे.

डोंगरावरील पवनचक्क्या

स्वच्छ ऊर्जा ही आपोआप न्याय्य ठरत नाही, याचे उदाहरण खेड तालुक्यातच आहे. भीमाशंकरच्या परिसरात खेड व मावळ तालुक्यांतील डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली. निकृष्ट रस्त्यांमुळे कोसळणाऱ्या दरडी, शेतांत व ओढ्यांत आलेला राडारोडा, शेकरूच्या वनाची हानी आणि स्थानिकांना डोंगरावर जाण्यास झालेली मनाई, यांवर त्यात टीका आहे. पवनऊर्जेची गरज कोणी नाकारत नाही. परंतु तिची किंमत डोंगरातल्या माणसाने एकट्याने का मोजावी, हा प्रश्न राहतोच.

कामगारांचे काय?

महाळुंग्यासाठी कळीचा प्रश्न हाच आहे. विजेवरील वाहनात पिस्टन, क्लच, सायलेन्सर, इंधनाची टाकी नसते. गिअरचे भागही फारच थोडे असतात. हेच भाग घडविणाऱ्या लेथवर व फोर्जिंगवर येथील हजारो घरे चालतात. कायम कामगाराला संघटनेचा आधार असतो. विदर्भ, मराठवाडा, बिहार वा ओडिशातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला तो नसतो. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्यासाठी २०२४ पासून केंद्राचे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण ज्याला स्वतःचे छप्परच नाही, त्याला त्याचा लाभ कसा व्हावा?

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे त्यासाठी यंत्रणा उभारण्याचे ठरले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची आर्त हाक व गरिबांची आर्त हाक एकत्रच ऐकावयास सांगितली होती. २०२३ च्या 'लाउदाते देउम' मध्ये त्यांनी जागतिक वाटाघाटींच्या अपयशाचीही परखड मीमांसा केली.

वाचकांनी या विषयाकडे दोन अंगांनी पाहावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये विजेवरील वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. दहावीनंतर शाखा निवडणाऱ्या मुलामुलींना व त्यांच्या पालकांना त्याची माहिती धर्मग्रामांतून द्यावी. तसेच आपल्यांतील जे लहान उद्योजक आहेत, त्यांनी वीज व इंधनवापराची नोंद आजपासूनच ठेवावी. पण केवळ व्यक्तिगत तयारी पुरेशी नाही. कराराच्या प्रस्तावनेतील 'न्याय्य संक्रमण' हे शब्द खराबवाडीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येतात की नाही, हे शासनाला आणि कंपन्यांना विचारत राहणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.