नव्या गावातला खेळ: पूना ते पिकलबॉल



आष्टी तालुक्यातल्या माणसाला गाव सोडून जाणं नवं नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात. शिकायला आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीला जाणारी मुलं जून-जुलैत पुण्याला, संभाजीनगरला जातात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टी-अहिल्यानगर ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, म्हणजे गाव सोडायला आणखी एक वाट झाली. नव्या शहरात खोली मिळते, खानावळ मिळते, क्लासही मिळतो. माणसं मात्र लवकर मिळत नाहीत. आजचा विषय तिथून सुरू होतो. शहरात परका असलेला माणूस एखाद्या खेळात कसा शिरतो, आणि त्याला आत कोण घेतं? उदाहरण म्हणून मी पिकलबॉल घेतला आहे. पुण्या-मुंबईत सध्या त्याची चलती आहे. आणि गंमत अशी की, त्याचा इतिहास फिरून आपल्याच महाराष्ट्रात येतो.

थोडं मागं जाऊ. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी पिसांचं फूल जाळीवरून टोलवायचा एक खेळ खेळत. त्या खेळाला ते ‘पूना’च म्हणत. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्यांबरोबर तो विलायतेला पोचला. तिथे ड्यूक ऑफ ब्युफोर्टच्या बॅडमिंटन हाऊस या वाड्याचं नाव त्याला चिकटलं, आणि पुण्याचं नाव मागं पडलं.

आता एकदम १९६५ सालात या. अमेरिकेत सिएटलजवळ बेनब्रिज नावाचं बेट आहे. तिथे जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. पोरं कंटाळलेली होती. अंगणात बॅडमिंटनचं जुनं मैदान आखलेलं होतं, पण खेळायचं सामान पुरतं सापडेना. मग टेबल टेनिसच्या फळ्या घेतल्या आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. जाळी सुरुवातीला बॅडमिंटनच्याच उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर होती. डांबरी जमिनीवर चेंडू चांगला उसळतो असं दिसल्यावर ती ३६ इंचांवर आणली. पुढे बार्नी मॅकलम हे शेजारी सामील झाले. त्यांनी प्लायवूड कापून मोठ्या फळ्या बनवल्या. तिघांनी मिळून नियम बसवले. मैदान मात्र बॅडमिंटनच्या दुहेरीचंच राहिलं, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. आजही तेवढंच आहे. पुण्याच्या छावणीतल्या खेळाचं हे नातवंडच म्हणायचं.

नावाचं विचाराल, तर त्यात लोणचं नाही. जोएल यांच्या पत्नी जोन प्रिचर्ड सांगत की, नौकांच्या शर्यतीत निरनिराळ्या नौकांमधून उरलेले वल्हेकरी एकत्र बसवून जी नौका भरतात, तिला ‘पिकल बोट’ म्हणतात, आणि या इकडून-तिकडून गोळा केलेल्या खेळाला ते नाव शोभलं. त्यांच्या कुत्र्यावरून नाव पडलं असंही सांगतात, पण जोनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे कुत्रा नंतर आला. मला उरलेल्या वल्हेकऱ्यांची गोष्ट आवडते, कारण आपला विषय तोच आहे.

हा खेळ भारतात आला तो एका मराठी माणसामुळे. मुंबईचे सुनील वालावलकर १९९९ मध्ये युवक आदानप्रदान कार्यक्रमाच्या निमित्ताने कॅनडात गेले होते. परका देश, परकं गाव. तिथे यजमानांनी त्यांच्या हातात पॅडल दिलं. आज भारतात जे हजारो लोक हा खेळ खेळतात, त्याची सुरुवात अशी एका पाहुण्याला खेळायला बोलावण्यातून झाली. २००६ मध्ये वालावलकरांनी काही पॅडल आणि चेंडू इकडे आणले, लोकांना शिकवायला लागले, आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संस्थेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. म्हणजे खेळ आता सरकार दरबारीही पोचला.

इथे तत्त्वज्ञानाच्या जुन्या मास्तराला एक भेद करू द्या. प्रत्येक खेळात दोन गोष्टी असतात, नियम आणि रिवाज. नियम पुस्तकात छापलेले असतात आणि ते सगळ्यांना सारखे. रिवाज कुठेच छापलेला नसतो. कोण खेळेल, कोण आधी खेळेल, कोण नुसता चेंडू आणून देईल, हे रिवाज ठरवतो. योहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात दाखवलं की, खेळ म्हणजे आखून घेतलेलं एक वेगळं वर्तुळ असतं, आत वेगळे कायदे चालतात. मला त्यात एवढंच जोडायचं आहे की, वर्तुळाच्या दारावर कोण उभं आहे, तेही पाहिलं पाहिजे.

याचा सगळ्यात कडवा पुरावा पुण्यातच आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामं करत. नेटमध्ये ते साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकत. कॅप्टन ग्रेग यांच्यासारखा फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करी. पण बॅट काही बाळूंच्या हाती आली नाही. नंतर पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण त्यांच्याशिवाय इंग्रजांना हरवता येईना. मैदानावर चेंडू सगळ्यांनी एकच हाताळला, चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हेच बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले! क्रिकेटच्या नियमात जातीचं एक अक्षर नव्हतं. जे काही होतं ते रिवाजात होतं. तो रिवाज आपोआप पातळ झाला नाही. पुढे १९२३ मध्ये बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेही वर्षानुवर्षं भांडण झाल्यावर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला, आणि १९१४ मध्ये त्याच जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवून दिले. नियम लिहून काढल्यावर काय होतं बघा. तोवर प्रत्येक गावाचा खो-खो निराळा होता. बीडचं पोरगं सांगलीला गेलं तर त्याला तिथला खेळ नव्याने समजून घ्यावा लागे. लिहिलेला नियम हा परक्या माणसाचा मित्र असतो. तो हातात असला की ओळख नसतानाही खेळता येतं.

म्हणून पिकलबॉलचे नियम आजच सांगून ठेवतो, उद्या कामाला येतील. सर्व्हिस हात खालून वर नेत, समोरच्या तिरप्या चौकटीत करायची. ती आली की एक टप्पा पडू द्यायचा. परतीचा चेंडूही सर्व्हिस करणाऱ्यांनी एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवेतला चेंडू मारायला मोकळीक. जाळीच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. या स्वयंपाकघरात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. टप्पा पडला असेल तर आत जाऊन खुशाल मारा. जुन्या गुणपद्धतीत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळतो, ११ गुणांचा डाव, दोनच्या फरकाने जिंकायचा. दुहेरीत तीन आकडे पुकारतात. आधी आपले गुण, मग समोरच्यांचे, मग सर्व्हिस पहिल्याची की दुसऱ्याची. डाव ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो. नवखा माणूस इथेच बावरतो. अर्थ एवढाच की, पहिली सर्व्हिस करणाऱ्या जोडीला सुरुवातीला एकच संधी, म्हणजे तिला फाजील फायदा होऊ नये.

एवढं एका संध्याकाळी येतं. टेनिससारखी ताकद लागत नाही, मैदान लहान, त्यामुळे साठीची बाई आणि विशीचा मुलगा एका जोडीत खेळू शकतात. पहिल्याच दिवशी महागडं पॅडल घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं. बूट मात्र आडवं पळताना पाय धरून ठेवणारे हवेत, चप्पल चालणार नाही. पाय मुरगळला की महिना जातो.

आता रिवाज. अमेरिकेतल्या सार्वजनिक मैदानांवर ‘ओपन प्ले’ नावाची पद्धत रुजली. आलात की आपलं पॅडल रांगेत ठेवायचं. डाव संपला की रांगेतले पुढचे चौघं मैदानात. तुमची ओळख आहे का, तुम्ही कोणत्या कंपनीत, कोणत्या गावचे, कोणी विचारत नाही. तुमच्याऐवजी तुमचं पॅडल रांगेत उभं राहतं. परक्या माणसासाठी याहून सोयीचा रिवाज मला माहीत नाही. दळणाच्या गिरणीवर डबा रांगेत ठेवून आपण बाजार करून येत होतो, तसंच हे.

दुसरी पद्धत आपल्या शहरांत वाढते आहे, तासाच्या भाड्याची. चार ओळखीचे लोक मिळून मैदान घेतात, पैसे वाटून घेतात, खेळतात, जातात. यात गैर काही नाही, जागेला पैसा लागतो. पण ज्याच्याकडे चार ओळखीचे नाहीत, तो जाळीबाहेर उभा राहतो. नियम त्याला आत घेतो, भाड्याची पद्धत बाहेर ठेवते. म्हणून नव्या शहरात गेलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, नुसतं ‘मैदान कुठे आहे’ असं विचारू नका. ‘एकट्याने आलेल्याला खेळायला मिळतं का, आणि कोणत्या वारी’ असं विचारा. जिथे मिळतं, तिथे ठरावीक वारी, ठरावीक वेळी जा. तीन-चार आठवड्यांत चेहरे ओळखीचे होतात.

आणि हे फक्त पुण्याला जाणाऱ्यांसाठी नाही. आष्टीतही परकी माणसं येतात. बदली होऊन आलेल्या शिक्षिका, बँकेतला नवा कारकून, आरोग्य केंद्रातली नर्स. एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या अंगणात ६० बाय ३० फुटांची मोकळी जागा असेल, तर ४४ बाय २० चं मैदान फक्कीने आखता येतं. जाळी कडेला ३६ इंच, मध्ये ३४. मोकळ्या हवेत ४० भोकांचा चेंडू घ्या, २६ भोकांचा असतो तो बंद सभागृहातला. वारा असेल तर सकाळी लवकर खेळा. खर्च फार नाही. पण आखण्याआधी गावात बसून एक गोष्ट ठरवा, पॅडल रांगेत कोणाचंही चालेल की ठरावीक लोकांचंच? कोणत्या वस्तीतलं, कोणत्या घरातलं, बाईचं की पुरुषाचं, हे पाहणार की नाही? बाळू पालवणकरांना हाच प्रश्न घातला गेला होता. आपल्या मैदानावर त्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.

मी इथे थांबतो. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.