गेम बॉय ह्या खेळयंत्रावरील द्रुत चिप-संगीत : एक ऐतिहासिक विचार

जपानमधील निन्टेंडो कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी 'गेम बॉय' हे हातात धरून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले, ते वाद्य म्हणून नव्हे. तथापि पुढील दहा वर्षांच्या आतच युरोपातील काही तरुणांनी त्यावर संगीतरचना करण्यास प्रारंभ केला. आणि त्यानंतरच्या दशकात ह्या संगीताची एक शाखा इतक्या वेगाने धावू लागली की मिनिटाला दीडशे, एकशे ऐंशी, क्वचित त्याहूनही अधिक ठोके हीच तिची ओळख ठरली. ह्या वेगाचा उलगडा पुष्कळदा दोन प्रकारे केला जातो. कोणी त्यास बालपणीच्या खेळण्याविषयीची हुरहूर म्हणतात, तर कोणी तरुणांचा निव्वळ धांगडधिंगा. दोन्ही उलगड्यांत यंत्राचा विचार नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हा वेग बऱ्याच अंशी यंत्राच्या दारिद्र्यातून मार्ग काढण्याची एक रीत होती, आणि म्हणून ह्या संगीताचा इतिहास लिहिणाराने ध्वनिमुद्रिकेइतकेच यंत्रही साधन म्हणून वाचले पाहिजे.

प्रथम यंत्राची घडण पाहू. गुनपेई योकोई यांच्या विभागात सिद्ध झालेल्या ह्या यंत्रास चार सेल लागत. त्याची कार्यस्मृती अवघी ८ किलोबाइट, आणि घड्याळाची गती सेकंदाला ४१,९४,३०४ स्पंदने इतकी होती. ध्वनीसाठी चार मार्ग होते. पहिले दोन चौकोनी तरंग निर्माण करीत. त्यांपैकी एकास स्वर आपोआप वर वा खाली घसरविण्याची सोय होती. तिसऱ्या मार्गात रचनाकारास तरंगाची आकृती स्वतः भरता येई, परंतु ती केवळ ३२ बिंदूंची, व प्रत्येक बिंदूस सोळाच पातळ्या. चौथा मार्ग गोंगाटाचा. झांज, खुळखुळा, बंदुकीची गोळी, सारे काही त्यातूनच काढावयाचे. एका मार्गातून एका वेळी एकच स्वर निघे. म्हणजे तीन स्वरांचा संघात धरावयाचा झाल्यास तिन्ही सुरेल मार्ग त्यातच खर्ची पडत, आणि खर्जास जागा उरत नसे.

मूळ खेळांचे रचनाकार ही अडचण ओळखून होते. गेम बॉयच्या 'टेट्रिस'ला व 'सुपर मारिओ लँड'ला संगीत देणारे हिरोकाझू तनाका हे स्वतः ध्वनियंत्रणेचे जाणकार होते. त्यांच्या रचनांत एक मार्ग सुरावटीस, एक साथीस, एक खर्जास आणि गोंगाट तालास अशी सरळ वाटणी आढळते. खेळताना मुलाच्या कानास एवढे पुरे होते. नृत्यगृहातील श्रोत्यास ते पुरणारे नव्हते.

खेळयंत्राचे वाद्य झाले ते दोन संगणक-रचनांमुळे. हॅम्बुर्गच्या कला-महाविद्यालयातील विद्यार्थी ओलिव्हर विटखोव यांनी १९९८ मध्ये 'नॅनोलूप' तयार केली. सोळा घरांचा एक चौकोन, आणि त्यात आवर्तनाने फिरणारा ध्वनी, एवढीच तिची मांडणी. पुढे २००० साली स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांची 'लिटल साउंड डीजे' ही रचना आली. तिचा उल्लेख सर्वत्र 'एलएसडीजे' ह्या आद्याक्षरांनी होतो. तिचे घराणे निराळे. १९८७ मध्ये कार्स्टेन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' केला, तेव्हापासून स्वर ओळीने खाली खाली लिहीत जाण्याची जी 'ट्रॅकर' पद्धती रूढ झाली, तीच कोटलिन्स्की यांनी १६० गुणिले १४४ ठिपक्यांच्या पडद्यात बसविली. सोळा पायऱ्यांचे एक वाक्य, वाक्यांची साखळी, साखळ्यांचे गीत. अंक सोळाच्या पायावरचे. नवख्यास हे हिशेबाच्या वहीसारखे रूक्ष दिसते. सवय झाली की दोन अंगठ्यांनी आगगाडीत बसूनही रचना करता येते.

ह्या वहीतील कालगणना वेगाच्या प्रश्नाचे मर्म आहे, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. एलएसडीजेमध्ये काळाचा सर्वांत लहान घटक 'टिक' होय. रूढ मांडणीत एका पायरीस सहा टिक, व चार पायऱ्यांचा एक ठोका. म्हणजे ठोक्यास २४ टिक पडतात. मिनिटाला १५० ठोक्यांची लय घेतली तर सेकंदाला बरोबर ६० टिक होतात. यंत्राचा पडदाही सेकंदाला सुमारे ५९.७ वेळा रंगतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दीडशेच्या आसपासची लय ह्या यंत्रास का मानवते ते कळते. दोन टिकांमधल्या अवकाशात यंत्राच्या घड्याळाची सुमारे सत्तर हजार स्पंदने होतात, आणि तेवढ्यात चारही मार्गांची पुढील आज्ञा ठरवून पडदाही सांभाळावयाचा असतो. लय २९५ पर्यंत चढविता येते, पण मग हा अवकाश निम्म्यावर येतो. आज्ञांची गर्दी असली की पडद्यावर यंत्र फार गुंतल्याची सूचना झळकते. यंत्राने दम लागल्याचे असे तोंडाने सांगावे, हे वाद्यांच्या इतिहासात विरळाच.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. लय १५० च ठेवावयाची, आणि पायरीचे टिक सहावरून तीनवर आणावयाचे. आपल्या तबलावादकास हे समजावून सांगावे लागणार नाही. ठेका तोच ठेवून बोल दुगुनीत घेण्यासारखेच हे आहे. यंत्रावरील भार तितकासा वाढत नाही, आणि संगीत मात्र तीनशेच्या वेगाने धावते. परंतु ह्या सवलतीस किंमत असते. स्वरसंघात एका मार्गातून काढण्यासाठी त्यातील स्वर एकामागून एक, टिकागणिक बदलत फिरविण्याची युक्ती चिप-संगीतात जुनीच आहे. १९८२ च्या कमोडोर ६४ संगणकावरील तीन स्वरमार्गांच्या काळापासून ती चालत आलेली आहे. साठ टिकांच्या हिशेबाने तीन स्वरांचा फेरा सेकंदाला वीस वेळा पुरा होतो, आणि कान त्यास जवळजवळ एकसंध, किंचित थरथरता संघात मानतो. पायरीस सहा टिक असताना हा फेरा पायरीत दोनदा बसतो. तीन टिक असताना एकदाच. संघात ऐकू येण्यापूर्वीच तो संपतो व उरते ती झुळूक. अतिद्रुत गेम बॉय-संगीतातील ती विशिष्ट चुरचुर, जी अनेकांना केवळ कर्कश वाटते, ती ह्या साध्या गणितातून निघालेली आहे.

वेगाचा लाभ कोणता, ते तालाच्या बाजूने पाहिल्यास स्पष्ट होते. नृत्यसंगीतास ढोलाचा दमदार ठोका हवा, आणि खर्जही हवा. गेम बॉयवर ढोलाचा ठोका काढावयाचा तर एका मार्गाचा स्वर क्षणार्धात उंचावरून खाली घसरवावा लागतो, आणि तेवढा वेळ तो मार्ग दुसऱ्या कामास मिळत नाही. तेव्हा ढोल आणि खर्ज एकाच मार्गात आलटूनपालटून ठेवणे क्रमप्राप्त होते. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत एक पायरी सुमारे १८७ सहस्रांश सेकंदांची असते. खर्ज तेवढा वेळ लुप्त झाला तर खळगा ऐकू येतो. १८० च्या लयीत तीच पायरी ८३ सहस्रांशांवर येते, आणि ढोलाच्या आघाताखाली खळगा झाकला जातो. श्रोत्यास एका मार्गात दोन वाद्ये वाजल्याचा भास होतो. थोडक्यात, चार मार्गांची सहा-सात वाद्ये करावयाची असतील तर ती वेगाच्या बळावरच होतात. संथ गेम बॉय-संगीतही आहे, व त्यातील काही फार सुंदर आहे. पण ते आपले दारिद्र्य लपवीत नाही.

अर्थात् यंत्राने वाट सुकर केली, एवढ्यावरून तिच्याने चालण्याची इच्छा झाली असे म्हणता येणार नाही. ती इच्छा बाहेरून आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात 'गॅबर' नावाचे नृत्यसंगीत वाढले. फाटक्या आवाजाचा ढोल आणि दीडशेच्या कितीतरी पुढची लय हे त्याचे लक्षण. जर्मनीत बर्लिन येथे अॅलेक एम्पायर आणि त्यांचे सहकारी ह्याच वेगास राजकीय त्वेषाची जोड देत होते. एम्पायर यांनी १९९९ मध्ये 'निन्टेंडो टीनएज रोबॉट्स' ह्या नावाखाली गेम बॉय व नॅनोलूप यांच्या साहाय्याने एक संग्रह काढला. पुढे इंग्लंडमधील ब्रायटन येथे शिगेरू इशिहारा हे जपानी कलावंत 'डीजे स्कॉच एग' ह्या नावाने गेम बॉयवर गॅबर वाजवू लागले. त्यांचा 'केएफसी कोअर' हा संग्रह २००५ चा. खेळण्यातून निघालेला हा दणका ऐकताना हसू येते, आणि ते यावे अशीच योजना असते. गांभीर्याचा अभाव म्हणून ह्या रचना बाजूस सारणे मात्र चुकीचे ठरेल.

यंत्रात केलेले फेरफारही ह्याच गरजेतून आले. मूळ यंत्राच्या कानात घालावयाच्या ध्वनियोजनेत वर्धकाची गुणगुण मिसळते, म्हणून वादक यंत्र उघडून ध्वनी व्हॉल्यूमच्या चकतीपूर्वीच तारेने बाहेर घेतात. ह्यास 'प्रोसाउंड' म्हणतात. खर्ज त्यामुळे भरीव येतो, आणि वेगवान ढोलास त्याची फार आवश्यकता असते. अंधाऱ्या रंगमंचावर दिसावे म्हणून पडद्यामागे दिवा बसविला जातो. दोन यंत्रे केबलने जोडून एकाच लयीत चालविली की चाराचे आठ मार्ग होतात. काही जण तर घड्याळाचा स्फटिकच काढून त्या जागी ८ मेगाहर्ट्झचा लावतात. तसे केल्याने सारेच सुमारे १.९ पटीने धावते; पण स्वरही त्याच प्रमाणात चढतो, सुमारे अकरा अर्धस्वरांनी, व रचना त्या हिशेबाने खाली उतरवून लिहावी लागते. कंपनीने पुढे काढलेली यंत्रे दिसण्यास अधिक सुबक होती, तरी १९८९ च्या जाड्याभरड्या यंत्राचा खर्ज श्रेष्ठ, हे मत वादकांत सर्वसाधारण आहे. हे मत ज्यात बनले ते हौशी कारागिरांचे सोल्डरचे टेबल होय. तेथे संगीतकार आणि वाद्यकार हा भेद उरत नाही.

ह्या संगीताकडे मोठ्या नियतकालिकांचे लक्ष गेले ते २००३ मध्ये. ब्रिटिश पंक चळवळीशी ज्यांचे नाव निगडित, त्या माल्कम मॅक्लारेन यांनी 'वायर्ड' मासिकात लेख लिहून ह्यास नवा पंक ठरविले. पुढील वर्षी त्याच वर्तुळातील एका वादकाने अनावृत पत्र लिहून, लेखातील चित्र वस्तुस्थितीस धरून नाही असा आक्षेप घेतला. इतिहासकारास हा वाद मोलाचा आहे. मॅक्लारेन यांना बंड दिसले, कारण ते बंड पाहावयास गेले होते. आक्षेप घेणाऱ्यांना आपली परंपरा, म्हणजे १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांवरील कारागिरीची परंपरा, पुसली जात असल्याचे दुःख होते. वेगाचे मूळ त्वेषात की कसबात, हाच प्रश्न तेथेही होता.

त्यापुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. २००६ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे पहिला 'ब्लिप' महोत्सव भरला, आणि त्याच्या आवृत्त्या २०१२ पर्यंत निघाल्या. उत्तर आयर्लंडच्या 'चिपझेल' यांचे गेम बॉयवर रचलेले वेगवान संगीत २०१२ मध्ये 'सुपर हेक्सगॉन' ह्या खेळात आले. खेळयंत्रावरून उचललेले संगीत अशा रीतीने पुन्हा खेळातच परतले. पण आता खेळाने संगीताच्या गतीशी जुळवून घ्यावयाचे होते. निन्टेंडोने तोवर, २००३ सालीच, गेम बॉय व त्याचे रंगीत रूप यांचे उत्पादन थांबविले होते. दोन्ही मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे खपली होती. २०२१ च्या डिसेंबरात अॅनलॉग कंपनीचे 'पॉकेट' हे नवे यंत्र जुनी कार्ट्रिजे चालविण्यासाठी आले, त्यात नॅनोलूप आरंभापासूनच भरलेली होती.

साधनांचा प्रश्न मात्र बिकट आहे. ह्या संगीताची हस्तलिखिते कागदावर नाहीत. वादकाने लिहिलेली पायरी न् पायरी कार्ट्रिजमधील स्मृतीत असते, आणि ती स्मृती बहुधा एका बटण-सेलच्या विजेवर जिवंत राहते. सेल संपला की रचना जाते. तिची नक्कल संगणकावर उतरविलेली असली, तरी एलएसडीजेच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या प्रतीच्या यंत्रावर आणि कोणत्या स्फटिकासह ती वाजत होती ह्याची नोंद नसेल तर ढोल आणि खर्ज यांचे जे नाते वर वर्णिले ते पुन्हा ऐकावयास मिळण्याची शाश्वती नाही. १९९८ ते २००५ ह्या काळातील कार्ट्रिजे आता वीस वर्षांहून जुनी झाली आहेत. त्यांतील सेल बदलणे अवघड नाही. पण जुना सेल काढताना वीज तुटते, व स्मृती तत्क्षणी कोरी होते. म्हणून अशी कार्ट्रिजे ज्यांच्या संग्रही आहेत त्यांनी यंत्र उघडण्यापूर्वी स्मृतीची नक्कल उतरवून घ्यावी, आणि तिच्यासोबत यंत्राचा प्रकार व त्यातील फेरफार लिहून ठेवावेत.