पस्तिशीनंतरचं क्रीम : एका सवयीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींनी विचारलं, इतिहासाच्या मालिकेत हे क्रीम-बिम कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण आपण एक साधी गोष्ट बघू. पस्तिशी उलटली की आरशासमोर उभं राहून 'आता काहीतरी बदलायला हवं' असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. बाई असो की पुरुष. वय बदललं म्हणून चेहऱ्याला लावायची वस्तू बदलायची, ही कल्पना आली कुठून? आणि तिची किंमत कुणी मोजली? आजचं व्याख्यान या दोन प्रश्नांचं आहे.

आधी आपल्या घरातून सुरुवात करू. आजीच्या पिढीत कातडीची काळजी घेतली जात नव्हती असं मुळीच नाही. थंडीत खोबरेल तेल, ओठांना तूप, दिवाळीत उटणं, लग्नाआधी हळद, बाळंतपणात तेल आणि शेक. ही सगळी निगा ऋतूला आणि प्रसंगाला बांधलेली होती. आयुर्वेदात म्हातारपण लांबवण्याचा विचार जुना आहे. चरकसंहितेत 'वयःस्थापन' औषधींचा एक गटच दिलेला आहे. पण तो विचार सगळ्या देहाचा आहे. पस्तीस वर्षांच्या माणसाच्या गालासाठी एक डबी आणि पंचविशीतल्या माणसासाठी दुसरी, अशी विभागणी तिथे सापडत नाही.

बाजारातलं क्रीम आलं तेव्हा तेही सुरुवातीला वयाचं नव्हतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत पाँड्स कंपनीने दोन क्रीमची जोडी विकायला सुरुवात केली. रात्री कोल्ड क्रीम, दिवसा व्हॅनिशिंग क्रीम. कोल्ड क्रीम म्हणजे तेल, मेण आणि पाणी यांचं मिश्रण, रोमन काळापासून माहीत असलेलं. व्हॅनिशिंग क्रीम हलकं, लावलं की दिसेनासं होणारं. आपल्याकडे त्यालाच 'स्नो' म्हणायचे. मुंबईत पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' १९१९च्या सुमारास आला आणि पुढे कित्येक वर्षं घराघरांत राहिला. म्हणजे बघा, आधी विभागणी ऋतूची होती, मग दिवस-रात्रीची झाली. वयाची विभागणी ठसली ती यानंतर, आणि तिला शास्त्राचा आधार मिळाला तो मुरुमांच्या एका औषधातून.

आता आपण फिलाडेल्फियाला जाऊ.

तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध छापला : 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणारं एक आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, मुरुमांवर चालतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मुरुमांसाठी मान्यता दिली. 'रेटिन-ए' या नावाने ते बाजारात आलं. पुढे झालं असं, की मुरुमांसाठी ते वापरणाऱ्या, वयाने जरा मोठ्या बायका सांगायला लागल्या की आमची कातडी नितळ झाली, बारीक सुरकुत्या कमी झाल्या. रुग्णांचं हे म्हणणं क्लिगमन यांनी मनावर घेतलं. १९८६ मध्ये त्यांचा निबंध आला. मग १९८८ च्या जानेवारीत मिशिगन विद्यापीठाच्या गटाने नीट चाचणी छापली : ३० माणसं, १६ आठवडे, एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला औषध नसलेलं नुसतं मलम. फरक दिसला. पण त्याच चाचणीत दहातल्या नऊंहून अधिक जणांची कातडी लाल झाली, सोलवटली. ही दुसरी गोष्ट बातम्यांमध्ये मागे पडली. औषधाच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. सुरकुत्यांसाठी म्हणून अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९९५ चा डिसेंबर उजाडला.

इथे थांबून किंमत कुणी मोजली ते सांगायला हवं. क्लिगमन यांचं बरंचसं संशोधन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात झालं. १९५१ ते १९७४, म्हणजे जवळजवळ पाव शतक. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय होते. पुष्कळांचा खटलाही अजून उभा राहिला नव्हता. थोड्या डॉलरांसाठी त्यांनी पाठी आणि दंड पुढे केले. काय लावलं जातंय, त्याने काय होऊ शकतं, हे त्यांना धड सांगितलं गेलं नाही. आपल्याला ज्ञात असलेल्या डायॉक्सिनसारख्या घातक रसायनाचीही तिथे चाचणी झाली. १९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांच्या पुस्तकाने हे सगळं लोकांसमोर आलं. माजी कैदी कोर्टात गेले, पण मुदत उलटून गेली म्हणून दावा टिकला नाही. विद्यापीठाने माफी मागितली ती २०२१ मध्ये, शहराने २०२२ मध्ये. क्लिगमन २०१० मध्येच वारले होते, आणि हयातीत त्यांनी या प्रयोगांचं समर्थनच केलं. आज पस्तिशीचा कुणीही रात्री 'रेटिनॉल' लावतो तेव्हा या इतिहासाचा एक थेंब त्या बाटलीत असतो. औषध टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. माहीत मात्र असावं.

दुसरा धागा उन्हाचा. ऑस्ट्रियाचे फ्रांझ ग्रायटर गिर्यारोहक होते, बर्फावरच्या उन्हाने भाजून निघाले, आणि १९४६ मध्ये त्यांनी उन्हापासून बचावाचं क्रीम आणलं. आज बाटलीवर दिसणारा 'एसपीएफ' हा आकडा १९७०च्या दशकात त्यांच्याच कामातून रुळला. हा आकडा मुख्यतः कातडी लाल होण्यापासून, भाजण्यापासून किती वाचवतं ते सांगतो. कातडी जून करणारे किरण, म्हणजे अतिनील 'ए', त्या आकड्यात पुरते येत नाहीत. म्हणून बाटलीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द शोधायचे.

पण सनस्क्रीनने वय खरंच लपतं का? याचं चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावाने दिलं. १९९२ पासून साडेचार वर्षं तिथे चाचणी चालली. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला आपापल्या मर्जीने. ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांच्या हाताच्या पाठीचे ठसे तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : रोज लावणाऱ्यांची कातडी साडेचार वर्षांत मोजण्याइतकी जून झालीच नाही, दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी. त्याच चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काही उपयोग दिसला नाही.

आता आपल्याकडे परत येऊ, कारण खरी गफलत इथे आहे.

नॅम्बूरची माणसं बहुतेक गोरी. गोऱ्या कातडीवर तिशी-चाळिशीची पहिली खूण म्हणजे सुरकुती. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीत मेलॅनिन जास्त. त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, आणि आधी येतात ते डाग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरणारे तपकिरी पट्टे. आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे : वांग. बायकांना बाळंतपणानंतर, गोळ्या सुरू असताना, तिशी-पस्तिशीत तो हमखास दिसायला लागतो. २०१० मध्ये छापलेल्या एका प्रयोगात असंही दिसलं की सावळ्या कातडीवर नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा डाग पाडतो; गोऱ्या कातडीवर तसं झालं नाही. म्हणजे वयाचं जे वेळापत्रक आपल्याला जाहिरातींतून मिळालं ते सुरकुत्यांचं होतं, दुसऱ्याच्या कातडीचं होतं. आपली तक्रार डागांची होती. तिला उत्तर म्हणून बाजाराने काय दिलं? गोरेपणा.

१९७५ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' आलं; त्याच्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडलं. आणि त्याच १९७५ मध्ये क्लिगमन यांनी, हो, तेच क्लिगमन, डाग उजळण्याचा एक नुस्खा छापला : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. डॉक्टरच्या देखरेखीत, काही आठवडे, वांगावर हा नुस्खा खरंच काम करतो. अडचण 'देखरेख' आणि 'काही आठवडे' या शब्दांत आहे. भारतात या तिन्हीच्या ट्यूबा 'मेडिकल'मधून चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या, स्वस्तात. एकीचा चेहरा पंधरा दिवसांत उजळला की ती दुसरीला सांगणार, 'अगं, हीच लाव, मला बघ.' मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे, जावेकडून नणंदेकडे ट्यूब फिरते. तीन-चार महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल राहते, बारीक शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते. बंद केलं की आग होते, डाग दुप्पट होऊन परततात. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेला वेगळं नावच दिलं : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. त्यांच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करणारा बदल केला. कागदावर. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो.

क्रीम हे औषध की सौंदर्यप्रसाधन, हा प्रश्नही जुनाच. आपल्या विको कंपनीच्या हळदीच्या क्रीमवरून, कराच्या निमित्ताने, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. क्लिगमन यांनी या दोन्हींच्या मधल्या वस्तूंना 'कॉस्मेस्यूटिकल' हा शब्द चालवला. शब्द छान आहे. पण मधल्या जागेत राहिलं की औषधासारखा दावा करता येतो आणि औषधाइतका पुरावा द्यावा लागत नाही.

मग पस्तिशीत बदलायचं काय? या सगळ्या इतिहासाच्या चाळणीतून फार थोडं उरतं. कातडीतलं कोलॅजन तरुणपणापासूनच दरवर्षी साधारण एक टक्का कमी होतं, वयाबरोबर तेलकटपणा उतरतो. म्हणून कॉलेजातला कडक फेसवॉश सोडा, सौम्य घ्या, आणि ओलसर चेहऱ्यावर साधं मॉइश्चरायझर लावा. महाग असायची गरज नाही. सकाळी ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर. वांग असेल तर रंगीत, म्हणजे ज्यात आयर्न ऑक्साइड आहे असं, कारण दिसणारा प्रकाश तेच अडवतं. दुपारच्या उन्हात टोपी, छत्री, ओढणी. रात्रीचं रेटिनॉइड हवंच असेल तर आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, आणि फळासाठी महिने थांबायची तयारी ठेवून. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर अजिबात नाही. वांग पसरत असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा, मैत्रिणीकडे नको.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. कपाटातली ट्यूब काढा, उलटी करा, बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव दिसलं, आणि ती रोज चेहऱ्याला लागत असेल, तर एकदम बंदही करू नका, कारण ती आग आपण आत्ताच पाहिली. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. घरातल्या जावेला, नणंदेला, भाचीलाही तिच्या ट्यूबवरची अक्षरं वाचायला सांगा.

आता प्रश्न घेऊ.